उकंडाभाऊंचा एकच ‘फस्क्लास’

अंगण अर्धं सारवून झालं होतं. तुळशीकडची बाजू ओली, फाटकाकडची कोरडी, आणि मधोमध मी शेणाचा हात घेऊन बसलेली. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. खाकरण्यावरूनच ओळखलं, भासरे. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या बोरी अरबकडच्या जुन्या घरांत सून भासऱ्यांसमोर उभी राहत नाही, त्यांच्याशी बोलत तर नाहीच. माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधली भिंत छातीइतकी, तरी त्या दिवसापर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नव्हतो. मी पदर ओढून, शेणाचा हात तसाच धरून दाराआड गेले. भासरे ओल्या-कोरड्याच्या रेघेवर येऊन थांबले. पुढे आले असते तर सारवणात पाय उमटले असते.

त्या रेघेपाशीच आमची तांबडी गाय बांधलेली असते. भासऱ्यांनी तिच्याकडे तोंड केलं.

“तांबडे, पोराच्या आईले सांग, माह्याच्यानं मोठी गलती झाली.”

आमची बोलायची रीत ही अशी आहे. दोन्ही घरांचा निरोप गाईमार्फत चालतो. अठ्ठावीस वर्षांत या कामावरची ही चौथी गाय. पहिल्या तिघींपेक्षा तांबडी बरी, मधे हंबरत नाही.

मी दाराआडून म्हटलं, “तांबडे, मोठ्यायले इचार, कोणती गलती?”

“मायच्या प्रसादाची. आठ दिस झाले, जीभ अजून कडू हाय म्हणा.”

माझ्या हातातलं शेण वाळायला लागलं होतं, पण मी हलले नाही. भासऱ्यांच्या तोंडून मटणाबद्दल खोटं निघालं, असं कोणी मला सांगितलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. आणि इथे ते स्वतःच गाईसमोर कबूल करत होते.

रोज पूजा आणि पोथी झाली की मी वहीत चार ओळी लिहिते. त्या दिवशीच्या पानावर फक्त एवढंच आहे: ‘भासरे आले. गलती झाली म्हणाले. अंगण राहिलं.’ आज सवड आहे, म्हणून सगळं लिहून ठेवते.

भासऱ्यांचं नाव उकंडा. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. चौथं मूल तरी राहावं म्हणून सासूबाईंनी ते जन्मल्याबरोबर सुपात घालून घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे शेणकेराच्या ढिगावर, ठेवलं. आत्याबाईंनी ते ‘सापडलं’ म्हणून उचललं आणि सासूबाईंनी सूपभर ज्वारी देऊन परत विकत घेतलं. फेकून दिलेल्या पोराकडे वाईट नजरेचं लक्ष जात नाही, असा हिशेब. लक्ष गेलं नाही हे खरं. भासरे आज बासष्टचे आहेत आणि अजून ज्वारीचं पोतं एकट्याने उचलतात.

शेती दोघा भावांची, कपाशी, तूर, सोयाबीन. पण गावात भासऱ्यांना मान आहे तो मटणासाठी. दारव्ह्याच्या बाजारात बोकड घ्यायचा असला की लोक त्यांना गाडीवर बसवून नेतात. ते बोकडाच्या पाठीवरून एकदा हात फिरवतात आणि ‘घे’ किंवा ‘राहू दे’ म्हणतात. लग्नाच्या पंगतीत ते बसले की आचारी पडद्याआड उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघतो. चांगलं झालं तर ते म्हणतात, ‘जमलं.’ यापुढचा शब्द त्यांच्याकडे नाही. वाईट झालं तर मात्र शब्दांची कमी नाही. नवे जावई असताना पहिल्याच पाहुणचाराला त्यांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, “मामाजी, बोकड म्हणून तुमाले मेंढी देल्ली कोणी तरी.” त्यांच्या सासूबाई दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मेंढी होती हे नंतर खरं निघालं, त्यामुळे तिसऱ्या वर्षीही बोलल्या नाहीत.

आणि वर्षातून एकदा आषाढात मरीमायची पूजा असते. गावाबाहेर कडुनिंबाखाली मायचा ओटा आहे. तिथे बोकडाचं काळीज निखाऱ्यावर भाजून पहिला नैवेद्य मायला दाखवायचा, मग सगळं मटण भाजून साठ-सत्तर माणसांना प्रसाद. निखाऱ्याजवळ बसायचा मान चाळीस वर्षं भासऱ्यांचा. हळद, मीठ, तिखट आणि जवसाचं तेल, एवढंच लावतात. नैवेद्य चाखता येत नाही, वासही घ्यायचा नाही. म्हणून ते कानाने भाजतात. सळईवरची चरचर जाड असली की कच्चं, बारीक झाली की होत आलं, थांबली की उतरवायचं. मी स्वतः एरवी मटण खात नाही. मायचा प्रसाद तेवढा खाते, कारण तो मटण नसतो, प्रसाद असतो. आणि प्रसादाबद्दल आमच्याकडे एकच शब्द चालतो, ‘गोड लागला.’ तिखट असला तरी गोडच.

आता माझ्या पोराकडे येते. रजत दोन वर्षं पुण्यात कंपनीत होता. होळीला आला आणि म्हणाला, नोकरी सोडली, आता स्वतःचं काही करायचं. काय करायचं, ते उन्हाळाभर गच्चीवर वाळत होतं: संत्र्याच्या साली. साली दळल्या, त्यात साखर, लसणाची पूड, मिरची, आणि एका छोट्या शिशीतून आणलेला संत्र्याचा वास. अशी नारिंगी भुकटी तयार झाली.

माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे भासऱ्यांच्या घरच्या इंदूबाई, बघायला आल्या.

“हे काय होय रे बापू?”

“काकू, हा रब आहे. ऑरेंज चिली रब.”

“रब म्हणजे?”

“भाजायच्या आधी मटणाला चोळायचा मसाला.”

“मंग चोयाचा मसाला म्हण ना बाप्पा! रब म्हणून राह्यला. मले वाटलं पायाले लावाचं औषध हाय.”

रजतला तो करून बघायचा होता. पण मायच्या पूजेआधी पाच दिवस घरात मटण-मच्छी शिजत नाही, आणि तो दिवस होता त्या पाचातला पहिला. त्याने बोटाने चाटून बघितलं, त्याला बरं वाटलं. मग तो म्हणाला, “पूजेलाच वापरू. साठ लोक एका जागी मिळतात. पुण्यात अशा टेस्टिंगला लोक पैसे देतात.”

हे ऐकून मी काही बोलले नाही, ही माझी चूक. इंदूबाईंनी डबा उचलून नैवेद्याच्या टोपलीत ठेवला. एकदा टोपलीत गेलं की ते मायचं. मग बोट लावायचीही सोय राहिली नाही.

भासऱ्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण रजतला त्यांनी खांद्यावर बसवून वाढवलंय. त्यांना दोन मुलीच, दोघी सासरी गेलेल्या. प्रसाद झाला की मायच्या ओट्यावर त्यांच्या हातचा पहिला तुकडा दरवर्षी रजतलाच मिळत आला. ते डब्याकडे बघून म्हणाले, “मायची मर्जी.”

मायची मर्जी काय होती ते माय जाणे. साखर निखाऱ्यावर पडली आणि धूर उठला. चरचर थांबेचना, कारण मटणाऐवजी साखर चरचरत होती. चाळीस वर्षं ज्या कानावर सगळं चाललं तो कान त्या दिवशी फसला. तुकडे बाहेरून काळे आणि आतून नारिंगी झाले. पळसाच्या पत्रावळीवर वाढले गेले, साठ माणसांनी कपाळाला लावून तोंडात टाकले, आणि ओट्यावर असं शांत झालं जसं मी त्या ठिकाणी कधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे मटणाच्या पंगतीत शांत बसायची पद्धत नाही.

मग कोणी तरी म्हणालं, “गोड लागला हो.”

“गोड लागला.”

“लईच गोड लागला.”

मीही म्हटलं. आणि त्या दिवशी ते अक्षरशः खरं होतं.

रजत मोबाईल घेऊन पत्रावळीमागून पत्रावळी फिरत होता. साठ पैकी साठ जणांना आवडलं, अशी नोंद त्याने केली. शेवटी भासऱ्यांसमोर मोबाईल धरला. “काका, एका शब्दात सांगा.”

भासऱ्यांच्या तोंडात घास होता. समोर माय, शेंदूर लावलेली, डोळे उघडे. त्यांनी घास गिळला, हात जोडले आणि म्हणाले, “फस्क्लास.”

तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळ्या बोरीत फिरला. दुसऱ्या दिवशी रजत लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जाऊन आला. तिथे पुड्या भरून देणारा एक जण त्याने गाठला होता. पुडीवर छापायला त्याने यवतमाळच्या छापखान्यात भासऱ्यांचा फोटोही देऊन टाकला. फोटोखाली ओळ: ‘उकंडाकाका म्हणतात, फस्क्लास!’ छपाई पुढच्या सोमवारी लागणार होती. भासऱ्यांनी ऐकलं तेव्हा ते जेवत होते. तसेच उठले आणि हात धुतले.

इंदूबाईंना मात्र दुसरंच लागलं होतं. त्या भिंतीवरून मला म्हणाल्या, “साधने, चाळीस वर्सं माह्या हातचं खाऊन राह्यले. ‘जमलं’च्या वर गेले नाईत. अन् पुडीले फस्क्लास? पुडीशीच लगन करायचं होतं मंग.” तीन दिवस त्यांनी भासऱ्यांना नुसतं वरण-भात वाढला. तिन्ही दिवस भासरे ‘जमलं’ म्हणाले, पण उपयोग झाला नाही.

तर अशा अवस्थेत ते सारवणाच्या रेघेवर उभे होते.

“तांबडे,” मी म्हटलं, “मोठ्यायले म्हण, मंग तवा फस्क्लास काहून म्हटलं?”

“मायच्या ओट्यावर बसून मायच्या ताटाले नाव ठेवू काय? जीभ झडन ना!”

“मंग आता रजतले सरळ सांगून टाका म्हणा.”

“तेच तं लफडं हाय. आता सांगतलं, तरी मायच्या प्रसादालेच नाव ठेवलं. नाई सांगतलं, तं पुडीवर माहं थोबाड. जो खाईन तो म्हणन, उकंड्याची जीभ गेली. अन् पोरगं तं बुडनच.” त्यांनी तांबडीच्या पाठीवर हात ठेवला. “माह्या नावावर बुडन.”

तांबडी रवंथ करत होती. मी दाराची चौकट धरून विचार केला. देवाधर्माचं मला थोडंफार कळतं. अडचण मसाल्याची नव्हती, प्रसादाची होती. मसाला प्रसादाबाहेर काढला की जीभ मोकळी झाली असती.

“तांबडे, मोठ्यायले सांग. शेतात कोंबडी भाजा म्हणा, रजतचाच मसाला लावून. तिथं माय नाई, ओटा नाई, नैवेद्य नाई. खाऊन पाहा अन् काय ते बोला. अन् धम्मरत्नभाऊले बोलवा.”

भासरे गाईकडे बघून हसले, आठ दिवसांनी पहिल्यांदा. “तांबडे, तुले बुद्धी हाय.”

धम्मरत्नभाऊ भासऱ्यांचे शाळेपासूनचे दोस्त. बस स्टँडवर त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं घर बौद्ध, देवाचा प्रसाद ते घेत नाहीत. मायच्या जेवणाला ते कधीच येत नाहीत, दुसऱ्या दिवशी भासऱ्यांकडे साधी भाकर खायला येतात. चाळीस वर्षांत दोघांपैकी कोणाला याचं वाईट वाटलेलं नाही. म्हणजे मसाल्याबद्दल खरं बोलायची मोकळीक असलेला गावात तोच एक माणूस.

घाई होती. श्रावण लागला की महिनाभर कोंबडीचं नाव निघणार नव्हतं, आणि सोमवारी छपाई. आषाढातला शेवटचा रविवार ठरला. कशासाठी ते रजतला सांगितलं नाही. काका पार्टी देतात म्हटल्यावर तो खूष झाला आणि नवीन डबा घेऊन आला.

शेतातल्या टिनाच्या शेडखाली भासऱ्यांनी बाभळीचे निखारे केले. बाहेर भुरभुर होती, सोयाबीन घोट्याच्या वर आलेलं. मी पलीकडे चुलीवर भाकरी टाकत होते. कोंबडीशी माझा संबंध नव्हता, म्हणून मी निश्चिंत होते. इंदूबाई कांदा चिरत होत्या. रजतने तुकड्यांना भुकटी चोळली, भासऱ्यांनी सळया लावल्या, आणि तोच गोडसर जळका धूर पुन्हा उठला.

धम्मरत्नभाऊ लोखंडी बाजेवर बसले होते. भासऱ्यांनी पहिल्या सळईवरचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. “घे, तूच पयला.”

“लई गरम हाय,” धम्मरत्नभाऊ म्हणाले आणि फुंकत बसले. त्यांना वरची कवळी आहे, गरम खाता येत नाही.

दुसरी सळई उतरली, ताटात आली. तेवढ्यात माझे यजमान, बबनराव, विहिरीवरची मोटार बंद करून बांधावरून आले. सकाळपासून उपाशी. आले, ताटातला तुकडा उचलला, त्याचं टोक मोडलं आणि बांधाकडे फेकून म्हणाले, “घे रे बा, खेत्रपाळा.”

शेतात जेवताना पहिला घास शेताच्या देवाला टाकायचा, ही आमच्या घरची सवय. हात आपोआप जातो. यजमानांचाही गेला.

भासऱ्यांनी डोळे मिटले.

“काय झालं?” यजमान म्हणाले.

“काई नाई,” इंदूबाई कांद्याची सुरी ठेवून म्हणाल्या. “प्रसाद झाला.”

आणि झालाच. ताटातली कोंबडी आता कोंबडी राहिली नव्हती. इंदूबाईंनी तुकडे वाटले. मलाही एक दिला, प्रसाद नाकारता येत नाही. मी तो कपाळाला लावला, तोंडात टाकला आणि बांधाकडे बघत चावत राहिले.

यजमान सगळ्यात आधी बोलले, “गोड लागला.”

“गोड लागला,” इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

“गोड,” मी म्हटलं.

“बघा!” रजत भासऱ्यांना म्हणाला. “घरातही शंभर टक्के. काका, मी उद्या छपाईला ओके देऊन टाकतो.”

तेव्हा बाजेवरून आवाज आला. “बापू, माहं राह्यलं.”

सगळ्यांनी वळून बघितलं. धम्मरत्नभाऊंच्या हातावर तुकडा तसाच होता. अजून फुंकत होते.

यजमान गोंधळले. “धम्मरत्न, हा प्रसाद हाय बाप्पा. तुले कसा चालन?”

“माहा तुकडा तू यायच्या आधीचा हाय, बबन. तवा तुह्या देवाचा अन् याचा काई संबंध नोता. उकंड्या, सांग तूच, सळई पयली का नाई?”

“पयली,” भासरे म्हणाले.

“मंग हे नुसती कोंबडी होय.” त्यांनी तुकडा तोंडात टाकला, शांतपणे चावला, गिळला, पाण्याचा घोट घेतला. मग माझ्याकडे बघून काळजीने विचारलं, “वयनी, घरात कोणाले जुलाब लागले होते काय?”

“नाही जी. काहून?”

“नाई, आशाताई पुडी देते ना, पाण्यात कालवून प्यायची, संत्र्याच्या वासाची. ते कोंबडीवर सांडली काय, म्हणून इचारलं.”

यजमान एकदम हसले आणि हसता हसता प्रसादाची आठवण होऊन गप्प झाले. इंदूबाईंचा पदर तोंडावर गेला. रजतचं तोंड उतरलं, पण पुण्यात राहिलेला पोरगा, हार मानेल कसा? म्हणाला, “काका, ही एका माणसाची आवड झाली. एकसष्ट पैकी एक. धम्मरत्नकाका, राग मानू नका. पण उकंडाकाकांनी फस्क्लास म्हटलंय. त्यांचा शब्द गावात चालतो की नाही?”

“चालते,” धम्मरत्नभाऊ म्हणाले. “म्हणूनच मी चूप बसतो. आता उकंड्यानं बोलावं.”

भासऱ्यांच्या हातात त्यांच्या वाटचा प्रसाद होता. त्यामागे लपता आलं असतं, ‘गोड लागला’ म्हटलं की संपलं असतं. त्यांनी तो तुकडा पूर्ण खाल्ला, हाडदेखील चोखलं. मग बाजूला जाऊन खळखळून चूळ भरली. चपला काढल्या, बांधाकडे आणि गावाच्या दिशेला, मायच्या ओट्याकडे, हात जोडले.

“माय, खेत्रपाळा, तुमचा प्रसाद खाल्ला. त्याले काई म्हणत नाई. आता मसाल्याचं सांगतो.” मग रजतकडे वळले. “बापू, म्या खोटं बोललो.”

रजतने भुकटीचा डबा खाली ठेवला.

“फस्क्लास नाही?”

“फस्क्लास काय, खायच्या लायकीचंच नाई. साखर अंगारावर करपते, तिचा कडूपणा आतवर जाते. अन् त्या शिशीतल्या वासानं बोकडाची इज्जत गेली. मायसमोर होतो म्हणून थोबाडाले कुलूप लागलं. पण तू मोबाईल धरला तवा कुलूप काढून खोटं बोललो, ते माह्याच हातानं.”

“इतके दिवस झाले काका! आज सांगताय?”

“आज तोंड मोकळं झालं.”

रजत उठून शेडच्या टोकाला जाऊन पावसाकडे तोंड करून बसला. भासऱ्यांची नजर इकडेतिकडे फिरली, मी समजले: ते तांबडीला शोधत होते. पण तांबडी घरी, गोठ्यात. शेतात गाय नव्हती, भिंत नव्हती, नुसती तव्यावरची भाकर आणि तिच्यामागे मी.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, “बाई, पोराचं मन तुटलं काय?”

अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी मला विचारलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या हातातली भाकर तव्यावर फुगत होती. मी पदर सावरला आणि म्हटलं, “नाही जी. तो तुमच्याच हातचा हाय. थोडा वेळ चरचर करीन, मंग थांबन.”

इंदूबाईंनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि सुरी परत हातात घेतली.

चरचर थांबली. रजत परत आला, नाक पुसत, आणि म्हणाला, “मग काय करायचं ते सांगा.” भासऱ्यांनी कच्चे राहिलेले चार तुकडे पाण्याने धुऊन घेतले, हळद-मीठ-तिखट-जवसाचं तेल लावलं आणि कान निखाऱ्याकडे करून भाजले. उतरवल्यावर रजतकडून नुसत्या सालीची पूड मागून घेतली, साखर नाही, शिशी नाही, आणि वरून चिमूटभर भुरकवली.

“चोयाचं नाई, भुरकायचं,” ते म्हणाले. “अन् बबन, तू हात मागं बांधून बस.”

यजमान खरंच हात मागे बांधून बसले. भासऱ्यांनी पहिला तुकडा खाल्ला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, लग्नातल्या आचाऱ्यासारखे.

“काका?” रजत म्हणाला.

भासऱ्यांनी हाड ताटात ठेवलं. “जमत आलं.”

इंदूबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी उजेड आला. ‘जमत आलं’ हे ‘जमलं’च्या एक पायरी खाली, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? त्यांनी नवऱ्याच्या ताटात भाकरीसोबत मोठा कांदा ठेवला, स्वतःहून. धम्मरत्नभाऊंनी तुकडा खाल्ला आणि म्हणाले, “आता जुलाबवाल्यायले देता येणार नाई. बाकी ठीक हाय.” मी मात्र खाल्ला नाही. तो प्रसाद नव्हता.

आता एकच उरलं, उद्याची छपाई. रजत म्हणाला, मी फोन करून थांबवतो. इंदूबाई म्हणाल्या, फोननं छपाई थांबन, फोटो थोडीच येईन. तो फोटो त्यांच्या लग्नातला, दोघांचा. रजतने इंदूबाईंना कापून फक्त भासरे छापायला सांगितलं होतं, हे त्यांना आजच कळलं.

मी घरी येऊन अंगणाची राहिलेली बाजू सारवून घेतली. हे लिहीत असताना भिंतीपलीकडून भासऱ्यांचा आवाज आला, तांबडीला नाही, मलाच: “बाई, सकाळची पयली एसटी किती वाजता हाय?” मी सांगितलं, साडेसहाला. उद्या सोमवारी भासरे यवतमाळला जाणार आहेत, छापखान्यातून फोटो परत आणायला.